गोगलगाय, गांडूळ आणि गावची कमिटी

वेस्ट यॉर्कशरमधल्या गॉथॉर्प गावातली 1963 सालची गोष्ट. 'बीहाइव्ह' नावाच्या पबमध्ये कोळशाच्या धंद्यातली मंडळी बसली होती. एकाने दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि 'अगदीच थकलास रे' म्हणून डिवचलं. दुसऱ्याला ते झोंबलं. पाठीवर कोळशाचं पोतं घे, मीही घेतो, आणि माझ्याशी शर्यत लावून दाखव, असं त्याने सगळ्यांदेखत बजावलं. असल्या पैजा कुठल्याही गावात रात्री लागतात आणि सकाळी विसरल्या जातात. गॉथॉर्पची पैज विसरली गेली नाही, कारण गावच्या मेपोलची, म्हणजे मे महिन्यातल्या उत्सवाच्या उंच खांबाची, व्यवस्था बघणाऱ्या कमिटीचे चिटणीस तिथेच बसले होते. ईस्टरच्या सोमवारी गावात काय कार्यक्रम ठेवावा, हा प्रश्न त्यांना आधीपासून सतावत होता. त्यांनी हात वर करून दोघांना थांबवलं आणि सांगितलं, शर्यत लावायचीच असेल तर ईस्टर मंडेलाच लावू.

ती शर्यत आजही होते. पुरुषांच्या पाठीवर 50 किलोचं पोतं, बायकांच्या पाठीवर 20 किलोचं, अंतर 1,012 मीटर आणि रस्ता चढाचा. मेपोलच्या हिरवळीवर पोतं टाकलं की शर्यत संपली.

इंग्लंडच्या खेड्यांची गंमत समजून घ्यायची असेल तर पैज लावणाऱ्यांकडे कमी आणि त्या चिटणीसांकडे जास्त बघावं. तऱ्हेवाईक कल्पना सगळ्यांनाच सुचतात. ती कल्पना नियमांत बसवायची, तिच्यासाठी पावतीपुस्तक छापायचं, जमलेले पैसे शाळेला किंवा गावच्या हॉलला द्यायचे आणि पुढच्या वर्षाची तारीख त्याच दिवशी ठरवून टाकायची, हे करणारी माणसं गावात असावी लागतात. इंग्लंडच्या खेड्यांत ती पिढ्यान् पिढ्या आहेत.

तयार, सावध, हळू!

चेशरमधल्या विलस्टन गावी 1980 पासून गांडुळं जमिनीबाहेर बोलावण्याची जागतिक स्पर्धा भरते. सुरुवात झाली ती प्राथमिक शाळेसाठी निधी जमवायला. शाळेच्या मैदानावर 3 मीटर बाय 3 मीटरचे चौकोन आखतात आणि प्रत्येक जोडीला अर्धा तास मिळतो. जमीन खणायला सक्त मनाई. बागकामाचा चार दातांचा काटा मातीत रोवायचा आणि तो हलवत राहायचा. कंपनं खाली गेली की गांडुळं वर येतात. जमिनीखाली बिळं करणारा मोल नावाचा प्राणी गांडुळं खातो आणि त्याच्या खणण्यानेही तशीच कंपनं होतात. शत्रू आला समजून गांडुळं वर पळतात, असं अमेरिकेतल्या फ्लोरिडात 2008 साली झालेल्या एका अभ्यासात दिसून आलं.

स्पर्धेची नियमावली मुद्दाम वाचावी अशी आहे. चौकोनात पाणी किंवा दुसरं कुठलंही द्रव ओतायचं नाही, कारण ते उत्तेजक द्रव्य समजलं जातं. पहिल्याच वर्षी एका शेतकऱ्याच्या मुलाने 511 गांडुळं काढली आणि हा आकडा कित्येक वर्षं कुणाला गाठता आला नाही. 2009 साली दहा वर्षांच्या एका मुलीने 567 काढून तो मोडला. मला सगळ्यात आवडलेला नियम शेवटचा आहे: बाहेर आलेली गांडुळं संध्याकाळी, पक्षी झाडांवर परतल्यानंतरच मातीत सोडायची. मोजणी झाल्यावर पक्ष्यांनी त्यांचा फडशा पाडू नये म्हणून. गांडुळाच्या जिवाचा एवढा विचार करणाऱ्या कमिटीबद्दल आदरच वाटतो.

नॉरफोकमधल्या काँगहॅमची जागतिक स्पर्धा गोगलगाईंची. टेबलावर ओलं कापड अंथरलेलं, त्यावर वर्तुळं काढलेली. आतल्या वर्तुळातून बाहेरच्या वर्तुळापर्यंत अंतर 13 इंच. प्रत्येक गोगलगाईच्या शंखावर क्रमांक चिकटवलेला. पंच ओरडतो, "तयार, सावध, हळू!" आणि शर्यत सुटते. 1995 साली आर्ची नावाच्या गोगलगाईने हे अंतर 2 मिनिटांत कापलं, तोच विक्रम आजही सांगितला जातो. विजेत्याला चांदीचा पेला मिळतो, लेट्यूसच्या पानांनी भरलेला. बक्षीस मालकाचं, खाऊ गोगलगाईचा.

केंब्रिजशरमधल्या विचममध्ये 1971 पासून नळीतून वाटाणा फुंकण्याची स्पर्धा होते. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी ती हॉलसाठी पैसे उभे करायला सुरू केली. 12 यार्डांवर मऊ पुट्टीचं निशाण असतं, वाटाणा त्यात रुततो आणि गुण मोजले जातात. काही पट्टीचे नेमबाज तर नळीवर लेसर बसवून येतात. डर्बीशरच्या बॉन्सलमध्ये पबच्या आवारात कोंबड्यांची शर्यत लागते. स्टॅफर्डशरच्या वेटन गावातल्या पबमध्ये 1974 साली पायाच्या अंगठ्यांची कुस्ती सुरू झाली. पंजा लढवतात तशीच, फक्त अनवाणी पायांनी. या कुस्तीला ऑलिंपिकमध्ये घ्यावं म्हणून 1997 साली रीतसर अर्जही गेला होता. तो नामंजूर झाला आणि स्पर्धा चालूच राहिली.

दोरीतलं बी, नाकावरची गोटी

हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाचं टणक, तपकिरी बी म्हणजे काँकर. त्याला भोक पाडून दोरीत ओवायचं आणि समोरच्याचं काँकर आपल्या काँकरने फोडायचं, हा तिथल्या शाळकरी पोरांचा शरद ऋतूतला खेळ. 1965 साली नॉर्थहॅम्प्टनशरच्या ॲश्टन गावात मासेमारीला निघालेल्या काही मंडळींचा बेत खराब हवेमुळे फसला. वेळ घालवायला त्यांनी काँकरचा डाव मांडला आणि त्यातून जागतिक स्पर्धा उभी राहिली. ती आता जवळच्या साउथविक गावात भरते, ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी. आजवर या खेळाने अंध व्यक्तींच्या मदतीसाठी लाखो पौंड जमवले आहेत.

काँकर कडक करण्याचे उपाय इंग्लंडच्या घराघरात माहीत आहेत. कुणी ते ओव्हनमध्ये भाजतं, कुणी व्हिनेगरमध्ये भिजत घालतं. म्हणून स्पर्धेत काँकरही आयोजकांचे आणि दोऱ्याही त्यांच्याच. प्रत्येकाला आळीपाळीने तीन तीन टोले मिळतात. पाच मिनिटांत निकाल लागला नाही तर टोल्यांची संख्या ठरवून देतात. 2024 साली पुरुषांच्या विजेत्याच्या खिशात पोलादी काँकर सापडलं आणि ही बातमी जगभर गेली. कमिटीने चौकशी केली, साक्षी घेतल्या आणि त्याने ते खेळात वापरलं नसल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी एकूण विजेतेपद प्रथमच एका स्त्रीने मिळवलं. माझ्या मते मोठी बातमी ती होती.

गोट्यांची जागतिक स्पर्धा वेस्ट ससेक्समधल्या टिन्सली ग्रीनला, 'ग्रेहाउंड' पबच्या अंगणात, गुड फ्रायडेला होते. एका गवळणीशी लग्न करण्यासाठी दोन तरुणांनी 1588 साली इथे गोट्या खेळून निकाल लावला, अशी आख्यायिका गाव सांगतं. आजच्या स्वरूपातली स्पर्धा 1932 पासूनची. 6 फूट व्यासाच्या रिंगणावर बारीक वाळू पसरतात आणि त्यात 49 गोट्या मांडतात. सहा-सहा जणांचे संघ. ज्या संघाने आधी 25 गोट्या रिंगणाबाहेर उडवल्या तो जिंकला. गोटी अंगठ्याने उडवायची, हात पुढे सरकवला की तो डाव बाद. डाव कुणी सुरू करायचा हे ठरवायला नाणं उडवत नाहीत. दोन्ही कप्तान आपली गोटी नाकावर धरतात आणि तिथून खाली सोडतात. ज्याची गोटी आखलेल्या रेषेच्या जास्त जवळ पडेल, त्याचा पहिला डाव. गेल्या काही दशकांत इथे जर्मन संघांनी वारंवार बाजी मारली आणि टिन्सली ग्रीनने त्यांचं दरवर्षी स्वागतच केलं.

जॅम, टाळ्या आणि कॅलेंडर

इंग्लंडच्या खेड्यातल्या सगळ्या मंडळांत वजनदार मंडळ कोणतं असं विचारलं तर उत्तर एकच, विमेन्स इन्स्टिट्यूट. सगळे तिला 'डब्ल्यूआय' म्हणतात. जन्म मात्र इंग्लंडमधला नाही. 1897 साली कॅनडातल्या ओंटारियोमध्ये, स्टोनी क्रीकला पहिली शाखा निघाली. ब्रिटनमधली पहिली शाखा 1915 च्या सप्टेंबरमध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावर सुरू झाली. ज्या गावाचं पूर्ण नाव 58 अक्षरांचं आहे आणि जिथे पर्यटक स्टेशनच्या पाटीसोबत फोटो काढतात, तेच ते गाव. दोन महिन्यांत लोण ससेक्सला पोचलं आणि सिंगलटनजवळच्या चार्ल्टनमध्ये, 'फॉक्स' पबमध्ये इंग्लंडमधली पहिली सभा भरली. 1915 मधल्या खेड्यातल्या बायका पबमध्ये सभेला जमल्या, एवढ्यावरूनच पुढचा रंग ओळखावा.

पहिलं महायुद्ध चालू होतं, अन्नाची टंचाई होती. बायकांनी भाज्या पिकवाव्यात, फळं टिकवावीत, हा हेतू होता. दुसऱ्या महायुद्धात तर सरकारने खास साखर मंजूर केली आणि 1940 ते 1945 या काळात गावोगावच्या डब्ल्यूआयनी 5,300 टनांच्या वर फळं जॅम करून किंवा डबाबंद करून टिकवली. गावच्या हॉलमध्ये, शाळेत, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, स्टोव्हवर. बागांमध्ये कुजून गेली असती ती फळं देशाच्या रेशनमध्ये आली. जॅम करणाऱ्या बायका म्हणून त्यांची थट्टा करणाऱ्यांना हा आकडा ठाऊक नसतो.

डब्ल्यूआयचं दुसरं हत्यार म्हणजे ठराव. गावच्या शाखेत मांडला जाणारा ठराव वार्षिक सभेपर्यंत जातो आणि तिथे मंजूर झाला की सगळी संघटना त्याच्यामागे उभी राहते. 1954 साली कचऱ्याविरुद्ध असाच एक ठराव झाला आणि त्यातून 'कीप ब्रिटन टायडी' ही देशव्यापी मोहीम निघाली. सभेची शिस्त किती करडी, याचा अनुभव पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी जून 2000 मध्ये घेतला. वेम्ब्ली अरीनात सुमारे 10 हजार सभासद जमल्या होत्या. भाषण पक्षाच्या प्रचाराकडे झुकतंय असं वाटताच बायकांनी संथ, एका लयीत टाळ्या वाजवायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये अशी टाळी म्हणजे 'आता पुरे'. काहीजणी तर सभेतून उठून गेल्या. विरोधी पक्षाला संसदेत जे जमलं नव्हतं ते या बायकांनी टाळ्या वाजवून केलं.

राणी एलिझाबेथ दुसरी 1943 पासून सँडरिंगम डब्ल्यूआयची सभासद होती. दर जानेवारीत ती गावच्या हॉलमधल्या सभेला यायची आणि इतर बायकांसोबत चहा घ्यायची. यॉर्कशरमधल्या रिल्स्टन शाखेची कीर्ती तर सिनेमापर्यंत गेली. एका सभासदाचा नवरा कर्करोगाने गेला. तेव्हा त्याच्या आठवणीसाठी या मध्यमवयीन बायकांनी 1999 साली स्वतःचं विवस्त्र कॅलेंडर काढलं. पुढे केकचं ताट, विणकामाची लोकर, सूर्यफुलं, गळ्यात मोत्यांची माळ. रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी त्यातून 50 लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी राहिली आणि 2003 मध्ये 'कॅलेंडर गर्ल्स' आला.

आणि केक! गावच्या प्रदर्शनात व्हिक्टोरिया स्पंज मांडायचा तर नियम पाठ हवेत. आधी अंडी वजन करायची, मग लोणी, साखर आणि मैदा प्रत्येकी तेवढ्याच वजनाचे घ्यायचे. दोन थरांच्या मध्ये रास्पबेरीचाच जॅम. स्ट्रॉबेरीचा घातला तर गुण गेले. क्रीम अजिबात नाही. वर बारीक साखरेची हलकी पखरण, आयसिंग शुगर चालत नाही. केक थंड करताना जाळीवर ठेवला आणि जाळीच्या रेघा वरच्या बाजूला उमटल्या, तर परीक्षकाच्या नजरेतून त्या सुटत नाहीत. सुरी घालण्याआधी परीक्षक केक खाली वाकून, डोळ्यांच्या पातळीवर आणून बघतात, दोन्ही थर सारख्या उंचीचे आहेत का. पहिलं बक्षीस म्हणजे एक कार्ड आणि अगदी किरकोळ रक्कम. तरी त्या कार्डासाठी लोक वर्षभर सराव करतात.

47 कोटींचं गणित मनोऱ्यात

इंग्लंडच्या खेड्यातल्या चर्चमधून रविवारी जो घंटानाद ऐकू येतो, त्यात सूर नसतो, गणित असतं. प्रत्येक घंटेला एक दोरी, प्रत्येक दोरीला एक माणूस. घंटा पूर्ण वर्तुळात फिरते, त्यामुळे तिचा वेग फारसा बदलता येत नाही. बदलता येतो तो क्रम. प्रत्येक फेरीत घंटांचा क्रम थोडा बदलायचा आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. समोर कागद नसतो, सगळं डोक्यात. पाच घंटांचे 120 क्रम होतात, सहांचे 720, सातांचे 5,040. सात घंटांचे सगळे क्रम वाजवायला सुमारे तीन तास लागतात. आठ घंटांचे 40,320 क्रम, तेही एकाच चमूने न थांबता वाजवून दाखवले 1963 साली लफबरोच्या घंटा ओतण्याच्या कारखान्याच्या मनोऱ्यात. वेळ लागला 17 तास 58 मिनिटं. बारा घंटांचे क्रम होतात 47 कोटी 90 लाख 1 हजार 600. ते वाजवायचे तर तीस वर्षांहून जास्त काळ लागेल.

सतराव्या शतकापासून चालत आलेला हा छंद. संगणक येण्याच्या कितीतरी आधी गावातले लोहार, सुतार, शेतमजूर हे गणित दर आठवड्याला हातांनी सोडवत होते. सरावानंतर सगळा चमू पबमध्ये जातो, तोही परंपरेचाच भाग. जून 1940 मध्ये सरकारने घंटा बंद केल्या, शत्रू उतरला तरच त्या वाजवायच्या होत्या. नोव्हेंबर 1942 मध्ये एल अलामेनच्या विजयासाठी त्या पुन्हा घुमल्या, तेव्हा लोक रस्त्यावर येऊन ऐकत उभे राहिले. 2023 मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकासाठी वाजवणारे कमी पडू नयेत म्हणून देशभर नवशिक्यांची भरती झाली. पुणेकरांसाठी जवळची खूण द्यायची तर गुरुवार पेठेतलं पंचहौद चर्च. त्याच्या उंच मनोऱ्यात आठ घंटा आहेत आणि त्या लफबरोच्याच टेलर कारखान्यात ओतलेल्या आहेत. टिळक, रानडे ही मंडळी 1890 साली जिथे चहापानाला गेली म्हणून पुण्यात ग्रामण्य झालं, तेच हे पंचहौद.

बॅटची रुंदी कुणी ठरवली

लॉर्ड्सवर क्रिकेटचं राज्य येण्याआधी ते हॅम्पशरमधल्या हॅम्बल्डन या खेड्यात होतं. ब्रॉडहाफपेनी डाउन नावाच्या माळावर गावचा क्लब खेळायचा आणि समोरच्या 'बॅट अँड बॉल' पबचा मालक रिचर्ड नायरन हा संघाचा कप्तान. 1771 साली चर्ट्सी संघाचा व्हाइट नावाचा फलंदाज हॅम्बल्डनविरुद्ध जी बॅट घेऊन उतरला ती स्टंपांच्या रुंदीएवढी होती. चेंडू स्टंपला लागायची सोयच उरली नाही. हॅम्बल्डनच्या खेळाडूंनी लेखी निषेध नोंदवला, बॅटची रुंदी सव्वाचार इंचांहून जास्त नसावी असं ठरलं, आणि आज वानखेडेवर उतरणाऱ्या प्रत्येक बॅटलाही तीच मर्यादा आहे.

तिसऱ्या स्टंपचा किस्साही हॅम्बल्डनच्या माणसाचाच. 1775 मध्ये लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर हॅम्बल्डनचा जॉन स्मॉल फलंदाजी करत होता. तेव्हा स्टंप दोनच असायचे. 'लम्पी' स्टीव्हन्सचा चेंडू तीन वेळा दोन स्टंपांच्या मधून निघून गेला आणि स्मॉल वाचला. हा गोलंदाजावर अन्याय आहे असं सगळ्यांना पटलं आणि मध्ये तिसरा स्टंप आला. 1777 मध्ये या खेड्याच्या संघाने सेव्हनओक्सला इंग्लंडच्या संघाला एक डाव आणि 168 धावांनी हरवलं. खेडं अजून क्रिकेट विसरलेलं नाही. 1972 पासून खेड्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि तिचा अंतिम सामना लॉर्ड्सवर खेळला जातो. आठवडाभर ट्रॅक्टर चालवणारा माणूस त्या दिवशी लाँग रूममधून बॅट घेऊन मैदानात उतरतो.

पाकळी पाकळी

डर्बीशरच्या टिसिंग्टन गावात असेन्शन डेला, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी, विहिरी आणि झरे फुलांनी सजवतात. चौदाव्या शतकात प्लेगने आसपासची गावं ओस पाडली, आपण शुद्ध पाण्यामुळे वाचलो, अशी गावाची श्रद्धा. सजावटीची रीत बघण्यासारखी आहे. लाकडी फळ्या आधी तळ्यात भिजत घालतात, म्हणजे त्या नंतर मातीतलं पाणी शोषत नाहीत. मग मीठ घालून तुडवलेली चिकणमाती त्यांवर थापतात. चित्राचा कागद मातीवर ठेवून टाचणीने टोचत टोचत रेषा उमटवतात, त्या रेषांवर बिया किंवा आल्डर झाडाची बारीक बोंडं बसवतात. शेवटी पाकळ्या. त्या खालून वर लावत जायच्या, वरच्या पाकळीची कड खालच्या पाकळीवर यायला हवी, कौलं शाकारतात तशी. पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं आणि चित्र आठवडाभर टिकतं. कागद, प्लॅस्टिक, रंग काही चालत नाही, जे लावायचं ते निसर्गातलंच. आजी, मुलगी, नात एकाच फळीवर कित्येक तास ओणव्या बसलेल्या असतात.

यॉर्कशरच्या एग्टन ब्रिजमध्ये 1800 सालापासून गूजबेरीचं प्रदर्शन भरतं. सगळ्यात वजनदार फळ कुणाचं, एवढाच प्रश्न. पाऊस जास्त झाला की पाण्याने फुगलेलं फळ तडकतं आणि तडकलेलं फळ बाद, म्हणून शेवटचे काही दिवस मालकांचा जीव टांगणीला. 2019 साली इथे 64.83 ग्रॅमची गूजबेरी आली आणि तिने जागतिक विक्रम केला. एक फळ, कोंबडीच्या मोठ्या अंड्याएवढ्या वजनाचं!

यॉर्कशरच्याच केटलवेल गावात 1994 पासून ऑगस्टमध्ये बुजगावण्यांचा उत्सव असतो. घराच्या पायरीवर, छपरावर, ओढ्याच्या पुलावर बुजगावणी बसलेली, आणि पैसे शाळेला आणि गावच्या कामांना. बोर्टन-ऑन-द-वॉटरला ऑगस्टच्या बँक हॉलिडेला विंडरश नदीच्या पात्रातच गोलपोस्ट रोवून फुटबॉल खेळतात. काठावरचे प्रेक्षक खेळाडूंइतकेच भिजतात.

शिंगं, टोपी आणि चिडलेलं गाव

स्टॅफर्डशरच्या ॲबट्स ब्रॉम्लीमध्ये सप्टेंबरच्या एका सोमवारी सहा पुरुष रेनडिअरची शिंगं खांद्यावर घेऊन दिवसभर गावात आणि आसपासच्या शेतवाड्यांवर नाचतात. सगळ्यात जड जोडी 11 किलोंच्या वर. 1976 मध्ये शिंगांची कार्बन तपासणी झाली आणि ती अकराव्या शतकातली निघाली. त्या काळी इंग्लंडमध्ये रानात रेनडिअर उरलेच नव्हते, तेव्हा शिंगं बहुधा समुद्रापलीकडून आली. वर्षभर ती चर्चच्या भिंतीवर टांगलेली असतात.

लिंकनशरच्या हॅक्सीत 6 जानेवारीला चामड्याच्या एका नळीसाठी सगळं गाव एकमेकांना रेटतं. आख्यायिका अशी, की चौदाव्या शतकात लेडी डी मोब्रे घोड्यावरून जाताना तिची टोपी वाऱ्याने उडाली, 13 शेतमजूर तिच्यामागे धावले, आणि खूश होऊन तिने 13 एकर जमीन दिली, दरवर्षी हा खेळ खेळायचा या अटीवर. शेकडो माणसांचा तो ढिगारा इंच इंच सरकत एखाद्या पबच्या दाराशी पोचतो, मालक हात लांब करून नळी घेतो आणि ती वर्षभर त्या पबमध्ये राहते. लेस्टरशरच्या हॅलटनमध्ये ईस्टर मंडेला सशाच्या मांसाचं सारण भरलेला 'पाय' नावाचा पदार्थ वाटतात आणि मग शेजारच्या मेडबर्न गावाशी बिअरच्या छोट्या पिंपांवरून झोंबाझोंबी होते. 1790 मध्ये पाद्रीबाबांनी हे बंद करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच भिंतीवर गावाने लिहून ठेवलं की हा रिवाज गेला तर पाद्रीही नको. बाबांनी माघार घेतली.

एका झाडाखालचं मंडळ

हे सगळं हसतखेळत चाललं, तरी गावात मंडळ काढणं ही कधीकाळी जोखमीची गोष्ट होती. डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावातल्या शेतमजुरांची मजुरी आठवड्याला 9 शिलिंगांवरून 7 वर आली आणि 6 होणार असं कळलं. जॉर्ज लव्हलेस आणि त्याच्या साथीदारांनी 1833 मध्ये शेतमजुरांचं मंडळ काढलं. सभा व्हायची गावातल्या सायकामोर झाडाखाली. मंडळ काढणं बेकायदा नव्हतं, म्हणून सरकारने 1797 सालचा, आरमारातल्या बंडासाठी केलेला गुप्त शपथांविरुद्धचा कायदा हुडकून काढला. मार्च 1834 मध्ये सहा जणांना सात वर्षं काळ्या पाण्याची, म्हणजे ऑस्ट्रेलियाची शिक्षा झाली. त्यांच्यासाठी 8 लाख लोकांनी अर्जावर सह्या केल्या. 1836 मध्ये त्यांना माफी मिळाली. ते झाड अजून उभं आहे आणि दर जुलैत कामगार संघटना तिथे जमतात. कामगार चळवळीची एक मोठी वाट या सहा माणसांच्या गावकी मंडळातून जाते, हे तिथे गेल्यावर विसरू नये.

मजुरीची हमी नसलेल्या त्या काळात आजारपण आणि अंत्यविधीसाठी गावोगाव वर्गणीची मंडळं होती. भिशीतल्यासारखी रक्कम जमायची, पण ती मिळायची अडलेल्याला. चेशरमधल्या नेस्टनला 1814 मध्ये बायकांनी स्वतःचं असं मंडळ काढलं. आजही जूनच्या पहिल्या गुरुवारी त्या फुलं बांधलेल्या काठ्या घेऊन मिरवणुकीने निघतात. 1921 मध्ये डेव्हनच्या हेमयॉक गावात मुलांना एकेक वासरू सांभाळायला दिलं गेलं आणि त्यातून 'यंग फार्मर्स क्लब' ही देशभराची चळवळ उभी राहिली.

खुर्च्या कोण लावतं

इंग्लंडमध्ये खेड्यांतले हॉल सुमारे 10 हजार आहेत. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या लाकडी बराकी विकत घेऊन कित्येक गावांनी पहिला हॉल उभा केला, काहींनी तो युद्धात गेलेल्यांचं स्मारक म्हणून बांधला. सकाळी रांगणाऱ्या मुलांचा गट, दुपारी ज्येष्ठांचं जेवण, संध्याकाळी व्यायाम, शनिवारी क्विझ, सोडत आणि पत्त्यांचा डाव. हॉलचे विश्वस्त सहसा बिनपगारी असतात. छप्पर गळलं की तेच नळीतून वाटाणे फुंकायला लावतात. पब बंद पडायची वेळ आली तर गाव तोही हातात घेतं. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटमधला 'ओल्ड क्राउन' 2003 मध्ये गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर विकत घेतला, ब्रिटनमधला तसा पहिलाच.

मराठी कुटुंबांतल्या कित्येकांची मुलं, भाचे-पुतणे आज इंग्लंडमध्ये आहेत आणि त्यांच्याकडे जाणाऱ्यांच्या यादीत लंडन आय, मादाम तुसाद, स्टोनहेंज ठरलेलं असतं. माझी विनंती आहे, यादीत एक खेडं घाला. ईस्टर मंडेला गॉथॉर्प, मे-जूनमध्ये टिसिंग्टन, ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी एग्टन ब्रिज, ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी साउथविक. जाण्याआधी त्या वर्षाची तारीख तपासा. खिशात सोडतीच्या तिकिटांसाठी सुटी नाणी ठेवा, चहाच्या टेबलावरचा घरचा केक विकत घ्या. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरायला हात लावलात तर पुढच्या वर्षीची तारीख तुम्हाला तिथेच कळेल.